जनुक गप्प करणारं सामान: एसआय-आरएनए, लिपिड, निळा रंग आणि आपला उन्हाळा

एक जनुक गप्प करायचं आणि कर्करोगाची पेशी त्यामुळे म्हातारी होते का, पसरायची थांबते का, ते बघायचं. खर्ऱ्याच्या या मुलखात, म्हणजे विदर्भात, तोंडाच्या कर्करोगावर प्रकल्प घेणाऱ्या विभागाला हा विषय हमखास सुचतो. त्यासाठी चार वस्तू विकत घ्याव्या लागतात: एसआय-आरएनएची कुपी, ती पेशीत पोचवणारा लिपिड (स्निग्ध द्रव्य), म्हातारपण दाखवणारा निळा रंग आणि पसरणं मोजायची साधनं. हा आढावा या चार वस्तूंचा. मात्र तो पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित प्रयोगशाळेसाठी नाही. तालुक्याच्या गावी दुपारी लाइन जाते, खिडकीत कूलर घरघरत असतो, नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथे हे सामान कसं वागतं, ते इथे बघायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. कुपी घ्या, लिपिड घ्या, निळ्या रंगाचा तयार संच घेऊ नका, आणि मोजमापाच्या साधनांत एक इन्सर्ट सोडला तर घाई करू नका.

कुपीत काय असतं ते समजून घेतलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. तलाठ्याच्या दफ्तरात मूळ सातबारा असतो, आणि बाहेर फिरते ती त्याची नक्कल. जनुक म्हणजे मूळ नोंद, एम-आरएनए म्हणजे नक्कल. एसआय-आरएनए फक्त नक्कल फाडतो. २१ अक्षरांचा हा दुपदरी तुकडा पेशीतल्या आर्गोनॉट-२ या प्रथिनाला जाऊन मिळतो, त्याची एक पदर गळते, उरलेली पदर जुळणारी नक्कल शोधते आणि आर्गोनॉट ती कापतो. मूळ नोंदीला धक्का लागत नाही. क्रिस्पर हा दफ्तरातच केलेला फेरफार, तो कायमचा. फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये सूत्रकृमीत ही नक्कल-फाड दाखवली, २००१ मध्ये टुश्ल यांच्या गटाने २१ अक्षरी तुकडे माणसाच्या पेशीतही चालतात हे सिद्ध केलं, आणि २००६ चं नोबेल फायर-मेलो जोडीला मिळालं.

तिसरा प्रकार दफ्तराला कुलूप लावण्याचा. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट बसले की नक्कलच निघत नाही. कर्करोग हाच प्रकार स्वतःच्या सोयीसाठी वापरतो. पी-१६ हे जनुक पेशीला विभागणी थांबवून म्हातारं व्हायला लावतं. तोंडाच्या कर्करोगात ते कुलूपबंद झाल्याचं वारंवार आढळलं आहे. ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. त्याला कुलूप लागलं की पेशी मोकळ्या सुटतात. म्हणजे जनुक गप्प होण्याने म्हातारपण टळतं आणि पसरणंही सोपं होतं. प्रकल्पाच्या आराखड्यात इथेच पहिली गफलत होते. ‘गप्प पडलेलं पी-१६ एसआय-आरएनए देऊन परत बोलतं करू’ असं लिहिलेलं दिसतं. फाडणाऱ्या हत्याराने कुलूप उघडत नाही. त्यासाठी डेसिटाबिन किंवा अझासिटिडिन लागतं, आणि ती वेगळी खरेदी आहे. ही रसायनं पाण्यात लवकर विघटित होतात, म्हणून माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, रोज नव्याने घालावं लागतं. एसआय-आरएनए घ्यायचा तो कर्करोगाच्या बाजूने बोलणाऱ्या जनुकासाठी. उदाहरणार्थ ट्विस्ट-१. हे एकच जनुक पेशीला मोकळं सोडतं आणि पी-१६ आणि तसंच विभागणी थांबवणारं पी-२१ यांना दाबून म्हातारपणही लांबवतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. दोन्ही प्रश्न एकाच जनुकात बघायचे असतील तर यासारखा उमेदवार नाही.

आता कुपी. पाचपैकी चार गुण.

तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती कोरडी येते. वाळवलेला एसआय-आरएनए साध्या तापमानात दोन-तीन आठवडे सहज टिकतो, त्यामुळे नागपूरहून येणारा डबा वाटेत दिवसभर तापला तरी जीव वरखाली करायचं कारण नाही. खरा धोका सुरू होतो पाणी घातल्यावर. झाकण उघडण्याआधी कुपी मिनिटभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यावी, कारण भुकटी डोळ्यांना दिसतही नाही आणि झाकणाला चिकटलेली असते. ५ नॅनोमोलच्या कुपीत २५० मायक्रोलिटर आरएनेझ-मुक्त (आरएनए फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, नसलेलं) पाणी किंवा कंपनीचा बफर घातला की २० मायक्रोमोलरचा साठा होतो. गावातल्या आरओच्या जारचं पाणी नको आणि विभागातल्या डिस्टिलेशनचंही नको. ते शुद्ध असलं तरी आरएनेझ-मुक्त नसतं. मग २० ते २५ मायक्रोलिटरच्या वाटण्या करून उणे २० अंशात ठेवायच्या.

इथे फ्रीजचा प्रश्न येतो. घरगुती ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीज बर्फ साचू नये म्हणून दिवसातून अधूनमधून स्वतःच फ्रीजर तापवतो. पाण्यात मिसळलेला एसआय-आरएनए असा रोज वितळत-गोठत राहिला की महिनाभरात कमजोर पडतो आणि दोष कंपनीला लागतो. बर्फ हाताने खरवडावा लागणारा जुन्या धाटणीचा ‘डायरेक्ट कूल’ फ्रीज या कामाला चांगला. दिसायला गबाळा, पण लाइन गेल्यावर त्यातला साचलेला बर्फच तास-दोन तास सांभाळून घेतो.

एक गुण कापला तो नेमकेपणाच्या दाव्यापायी. तुकड्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं दुसऱ्याच कुठल्या नकलेशी जुळली तर तीही दबते. चार वेगवेगळे तुकडे एकत्र केलेला ‘पूल’ घेतला की प्रत्येकाचं प्रमाण कमी राहतं आणि असे भलते परिणाम विरळ होतात. पण नेमका कुठला तुकडा काम करतोय ते कळत नाही. म्हणून एका जनुकासाठी दोन वेगवेगळे तुकडे सुटे मागवावेत. दोघांनीही सारखाच परिणाम दाखवला तरच त्याला अर्थ. सोबत कुणालाच न लागणारा ‘नॉन-टार्गेटिंग’ तुकडा हवाच, आणि पीएलके-१ किंवा केआयएफ-११ गप्प करणारा एक. ही जनुकं गप्प झाली की विभागणारी पेशी दोन-तीन दिवसांत मरते. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी दिसल्या म्हणजे तुकडे पेशीत पोचताहेत. रिअल-टाइम पीसीआर (नक्कल किती उरली ते मोजणारं यंत्र) नसलेल्या विभागासाठी याहून स्वस्त तपासणी नाही.

लिपिडलाही चार गुण, पण ते वापरणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहेत. लिपोफेक्टामिन आरएनएआय-मॅक्स हे सर्वांत रुळलेलं नाव. ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात २ ते ८ अंशात ठेवायचं. गोठवलं की संपलं. आणि होतं काय, तर ‘महाग वस्तू, वरच ठेवा’ म्हणून कुणीतरी बाटली फ्रीजरमध्ये ठेवतं. बाटलीवर मराठीत चिठ्ठी चिकटवावी.

सहा खणांच्या प्लेटमधल्या एका खणाचा हिशोब असा. आदल्या दिवशी प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात एवढ्याच पेशी लावाव्यात, की दुसऱ्या दिवशी खण ३० ते ५० टक्के भरलेला असेल. २० मायक्रोमोलरच्या साठ्यातून १.५ मायक्रोलिटर, म्हणजे ३० पिकोमोल, एसआय-आरएनए २५० मायक्रोलिटर ऑप्टी-मेममध्ये (हे तयार माध्यम) मिसळायचा. दुसऱ्या नळीत ५ मायक्रोलिटर लिपिड २५० मायक्रोलिटर ऑप्टी-मेममध्ये. दोन्ही एकत्र करून १० ते २० मिनिटं ठेवायचं आणि अडीच मिली माध्यम असलेल्या खणात थेंबाथेंबाने सोडायचं. एकूण ३ मिलीत ३० पिकोमोल म्हणजे १० नॅनोमोलर. याहून जास्त घालायचा मोह आवरावा. ५० किंवा १०० नॅनोमोलरला जनुक फारसं जास्त गप्प होत नाही, भलते परिणाम तेवढे वाढतात. चोवीस खणांच्या प्लेटला ६ पिकोमोल, १ मायक्रोलिटर लिपिड आणि सगळं मिळून ६०० मायक्रोलिटर, सांद्रता तीच. या मापाने ५ नॅनोमोलच्या कुपीत मोठे खण दीडशेहून अधिक होतात आणि ०.७५ मिली लिपिडच्या बाटलीतही मोठे खण दीडशेच. दोन विद्यार्थ्यांना वर्ष पुरतं.

बिघडतं कुठे? तीन ठिकाणी. एकत्र करण्याच्या त्या दोन नळ्यांत सीरम (पेशींच्या वाढीसाठी माध्यमात घालतात तो रक्तद्रव) गेलं तर लिपिड त्यालाच चिकटतो आणि तुकडा बाहेर राहतो. खणात सीरम असलेलं चालतं, नळीत नाही. माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन असलं तर लिपिडमुळे तेही पेशीत घुसतं आणि पेशी मरतात. मग ‘जनुक गप्प केल्याने मृत्यू’ असा खोटाच निष्कर्ष निघतो. तिसरं मायकोप्लाझ्मा, म्हणजे अगदी सूक्ष्म जिवाणू. या संसर्गाने माध्यम गढूळ होत नाही, डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण पेशींची चाल आणि वाढ दोन्ही बदलतात. डॅपी या डीएनए चमकवणाऱ्या रंगाने केंद्रकाबाहेर ठिपके दिसले की ती फ्लास्क टाकून द्यावी. औषध देऊन वाचवत बसू नये.

कूलरचं इथेच सांगून ठेवतो. वाळ्याच्या ओल्या ताट्यांवर बुरशी वाढते आणि पंखा तिचे बीजाणू खोलीभर उडवतो. पेशी हाताळायच्या खोलीत कूलर म्हणजे बुरशीला आमंत्रण. लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कपाट) असलेल्या खोलीत लहानसा एसी, तोही जमत नसेल तर सकाळी सहा ते नऊ हीच कामाची वेळ. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्येही बोअरचं क्षारयुक्त पाणी नको. ऑटोक्लेव्ह केलेलं डिस्टिल्ड पाणी, दर आठवड्याला बदललेलं.

जनुक गप्प झालं का, हे ४८ तासांनी आरएनए काढून आणि ७२ तासांनी प्रथिनावर बघायचं. ७० टक्के घट चालण्याजोगी. पीसीआरमध्ये एक चक्र उशीर म्हणजे निम्मी घट, दोन चक्रं म्हणजे ७५ टक्के. रिअल-टाइम यंत्रासाठी नागपूर किंवा वर्ध्याला जायचं असेल तर आरएनए घेऊन एसटीत बसू नये. आपल्याच साध्या पीसीआर यंत्रावर त्याचा सीडीएनए, म्हणजे जास्त टिकणारी डीएनए-प्रत, करून न्यावा. तो बर्फाच्या थर्मासमध्ये निवांत पोचतो.

आता या सगळ्या सामानाची मूळ अडचण. ती कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. कुपीचं घड्याळ आणि पेशीचं घड्याळ जुळत नाही. विभागणाऱ्या पेशीत एसआय-आरएनएचा परिणाम पाच ते सात दिवस टिकतो, कारण दर विभागणीला तुकडे निम्मे वाटले जातात. पेशी म्हातारी व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. म्हणजे निळा रंग यायच्या सुमाराला जनुक परत बोलू लागलेलं असतं, आणि मागे राहिलेल्या तरुण पेशी वाढून म्हाताऱ्यांना झाकून टाकतात. तिसऱ्या दिवशी दुसरा डोस दिला की काम भागतं. पहिल्या डोसाच्या वेळी पेशी कमी लावण्याचं खरं कारण हेच. टेलोमरेज गप्प करून टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, झिजण्याची वाट बघायची असेल तर मात्र कुपीचा उपयोग नाही, तिथे कित्येक आठवडे लागतात. लेंटिव्हायरसने पेशीत कायमचा बसवलेला एसएच-आरएनए आणि तो न बसलेल्या पेशी मारणाऱ्या प्युरोमायसिनची निवड हा त्याचा मार्ग, आणि त्यासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्यावी लागते. एका सत्राच्या प्रकल्पात हे बसवू नये.

याच गणिताची दुसरी बाजू कामाला येते. पेशी एकदा म्हातारी झाली की विभागत नाही, म्हणून तुकडे वाटले जात नाहीत आणि परिणाम तीन आठवड्यांपर्यंतही टिकू शकतो. आधी पेशी म्हातारी करून नंतर जनुक गप्प करायचं असेल तर एक डोस पुरे.

निळ्या रंगाच्या तयार संचाला पाचपैकी दोनच. तो खराब असतो म्हणून नाही. अर्ध्या दिवसात विभागातच तयार होणाऱ्या मिश्रणासाठी एवढा पैसा देण्यात हशील नाही, म्हणून. १९९५ मध्ये डिम्री आणि सहकाऱ्यांनी दिलेली कृतीच सगळे वापरतात. ४० मिलिमोलर सायट्रिक आम्ल-सोडियम फॉस्फेट बफर, पीएच ६.०, पोटॅशियम फेरोसायनाइड आणि फेरिसायनाइड प्रत्येकी ५ मिलिमोलर, सोडियम क्लोराइड १५० आणि मॅग्नेशियम क्लोराइड २ मिलिमोलर, आणि मिलीमागे १ मिलिग्रॅम एक्स-गॅल, म्हणजे विकराने फोडल्यावर निळं होणारं रसायन. एक्स-गॅल आधी डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये मिलीला २० मिलिग्रॅम असं विरघळवावं. हे द्रावण पॉलिस्टायरिनच्या नळीत ठेवलं तर नळीच विरघळते. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्यावं. पेशी २ टक्के फॉर्माल्डिहाइड आणि ०.२ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये तीन ते पाच मिनिटं स्थिर करायच्या. जास्त ठेवल्या तर रंग उमटवणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकरच मरतं. मग दोनदा धुऊन मिश्रण घालायचं आणि ३७ अंशाला १२ ते १६ तास.

सगळा खेळ पीएचचा आहे. हे विकर लायसोसोममधलं. त्याला मुळात पीएच ४ च्या आसपास काम करायला आवडतं. पीएच ६ ला साधी पेशी दिसण्याइतका रंग करू शकत नाही. म्हाताऱ्या पेशीत ते इतकं साचलेलं असतं की नावडत्या पीएचलाही रंग उमटतो. पीएच ५.७ झाला की तरुण पेशीही निळ्या, ६.४ झाला की म्हाताऱ्याही पांढऱ्या. म्हणून पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरने त्याच दिवशी, त्याच खोलीच्या तापमानाला लावून घ्यावा. फ्रीजमधून काढलेल्या बफरने नाही.

सर्वांत जास्त प्लेटा बिघडतात त्या वेगळ्याच कारणाने. सवयीने प्लेट कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली जाते. तो वायू मिश्रणात विरघळून पीएच उतरवतो आणि सकाळी अख्खी प्लेट निळी. काहींना तो मोठाच शोध वाटतो. सूक्ष्मजीवशास्त्र विभागातलं जिवाणूंचं साधं इन्क्युबेटर, वायूशिवायचं, हीच योग्य जागा. पण आपल्याकडच्या कोरड्या हवेत तिथे दुसरं संकट: रात्रभरात मिश्रण आटतं आणि एक्स-गॅलचे सुईसारखे निळे स्फटिक पेशींवर पडतात. प्लेटची कड पॅराफिल्मने बंद करून, ओल्या टिश्यूसोबत झाकणाच्या डब्यात ठेवली की हे होत नाही. दाट भरलेल्या खणात आणि उपाशी ठेवलेल्या पेशींतही खोटा निळा येतो, हेही ध्यानात असावं. सरतेशेवटी उरलेल्या मिश्रणात तीव्र आम्ल कधीही ओतू नये. सायनाइडयुक्त क्षार आहेत, विषारी वायू सुटू शकतो. वेगळ्या बाटलीत साठवून रासायनिक कचऱ्यात द्यावं.

आणि निळा रंग दिसला म्हणजे म्हातारपण सिद्ध झालं असं नाही. पी-२१ वाढलेलं, केआय-६७ (विभागणाऱ्या पेशीतलं प्रथिन) नसलेलं, लॅमिन-बी-१ (केंद्रकाच्या आवरणाचं प्रथिन) घटलेलं, यांतल्या किमान दोन खुणा सोबत हव्यात. २०१९ मध्ये या क्षेत्रातल्या जाणकारांनी एकत्रितपणे हेच बजावलं आहे. पेशी चपटी आणि मोठी झालेली दिसते ती खूण फुकट मिळते. फोटो काढून ठेवावेत.

पेशींची निवड खरेदीइतकीच महत्त्वाची. पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या संस्थेच्या पेशीभांडारातून पेशी मागवता येतात, आणि मागवाव्यात तिथूनच. शेजारच्या महाविद्यालयातून बाटलीत घालून आणलेल्या पेशींच्या ओळखीचा भरवसा नसतो. सगळ्यात वाईट उदाहरण ‘केबी’चं. तोंडाच्या कर्करोगाची म्हणून ही पेशी कित्येक प्रबंधांत दिसते, पण ती प्रत्यक्षात हेला आहे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातली. हेलामध्ये एचपीव्ही-१८ विषाणूचं ई-७ हे प्रथिन पेशीची विभागणी रोखणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं, म्हणून पी-१६ मुळातच भरपूर असतं. ‘पी-१६ वाढलं, सबब पेशी म्हातारी’ हा निष्कर्ष केबी किंवा हेलावर काढला तर तो पहिल्याच ओळीत कोसळतो. हेला घ्यायचीच असेल तर ई-६/ई-७ गप्प करावं: पी-५३ (बिघडलेल्या पेशीला थांबवणारं प्रथिन) परत येतं, पी-२१ वाढतं, काही पेशी म्हाताऱ्या होतात, काही मरतात. शिकवायला फार सुरेख प्रयोग आहे. एमडीए-एमबी-२३१ भरभर सरकते, पण तिचं पी-५३ बिघडलेलं. एमसीएफ-७ चं पी-५३ शाबूत, पण ती जागची हलत नाही. म्हातारपण आणि पसरणं दोन्ही एकाच पेशीत बघायचं तर फुप्फुसाची ए-५४९ सोयीची: पी-५३ शाबूत, सरकतेही बऱ्यापैकी. पी-१६ मात्र तिच्यात मुळात नाही, म्हणून खूण पी-२१ ची घ्यायची. १०० ते २५० नॅनोमोलर डॉक्सोरुबिसिन (कर्करोगाचं औषध) २४ तास देऊन, धुऊन, चार-पाच दिवसांनी रंगवली की निळ्या पेशींचा हमखास नमुना मिळतो. प्रत्येक रंगकामात तो शेजारी हवा.

पेशींच्या साठवणीबद्दल एक गोष्ट फारशी कुणाला सुचत नाही. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनची भांडी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत असतात आणि नायट्रोजनचा पुरवठाही तिथे येतो. वीर्याच्या कांड्या आणि पेशींच्या कुप्या सारख्याच थंडीत टिकतात. नायट्रोजन भरायला नागपूर गाठण्याआधी तिथे विचारून बघावं. आपलं भांडं मात्र वेगळंच ठेवावं.

पसरणं मोजायला ओरखड्याची चाचणी फुकटात होते: भरलेल्या खणात २०० मायक्रोलिटरच्या टिपने रेघ मारायची आणि शून्य, १२, २४ तासांनी त्याच खुणेवर फोटो घ्यायचे. पण हाताची रेघ दर वेळी सारखी येत नाही, आणि कडेच्या जखमी पेशी आपलं गणित बिघडवतात. सिलिकॉनचा दोन कप्प्यांचा इन्सर्ट इथे पैसे वसूल करून देतो; चार गुण. इबिडीच्या इन्सर्टमध्ये प्रत्येक कप्प्यात ७० मायक्रोलिटर पेशी-द्रावण, दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलला की ५०० मायक्रॉनची सरळ फट मिळते. जनुक गप्प केल्यापासून ४८ तासांनी पेशी उचलून यात लावाव्यात. मोजायला इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर. फटीची रुंदी नाही, क्षेत्रफळ मोजायचं.

फट भरली ती पेशी सरकल्या म्हणून की वाढल्या म्हणून, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. मिलीला १० मायक्रोग्रॅम मायटोमायसिन-सी दोन तास देऊन विभागणी थांबवतात. पण मायटोमायसिन स्वतःच डीएनए बिघडवून पेशीला म्हातारी करू शकतं, म्हणून म्हातारपणाच्या प्लेटवर ते चालणार नाही. तिथे सीरम १ टक्क्यावर आणून भागवावं.

मॅट्रिजेल हे जेलीसारखं प्रथिनद्रव्य आणि ८ मायक्रॉन छिद्रांचा पडदा असलेला ट्रान्सवेल हा इन्सर्ट यांनी पेशी पडदा भेदून जाते का ते कळतं, आणि खरं पसरणं तेच. पण मॅट्रिजेल १० अंशांच्या वर घट्ट होऊ लागतं. रात्रभर फ्रीजमध्ये बर्फात ठेवून वितळवायचं, टिपा आणि नळ्या आदल्या दिवशीच गोठवायच्या, थंड माध्यमात मिलीला ३०० मायक्रोग्रॅमपर्यंत विरळ करून इन्सर्टमागे १०० मायक्रोलिटर. एप्रिल-मेमध्ये ते टिपेतच गोठतं आणि थर एका बाजूला जाड, दुसरीकडे उघडा पडतो. पेशी उघड्या बाजूने निघून जातात आणि जनुकाचा काही परिणामच नाही असं वाटतं. गुण द्यायचे तर थंडीत चार, उन्हाळ्यात एक.

हे सगळं केल्यावर एक प्लेट अजून लावावी असं सुचवतो, कारण विषयाचं खरं मर्म तिथे आहे. म्हातारी झालेली कर्करोगाची पेशी स्वतः वाढत नाही, पण गप्पही बसत नाही. आयएल-६, आयएल-८ आणि ऊती विरघळवणारी विकरं ती बाहेर सोडत राहते, आणि शेजारच्या तरुण पेशी त्या रसावर जास्त सरकतात. डॉक्सोरुबिसिन देऊन आठवडा झालेल्या, तीनदा धुतलेल्या पेशींवर २४ तास बिनसीरम माध्यम ठेवावं, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावं, पेशींच्या संख्येप्रमाणे सारखं करून घ्यावं आणि ताज्या ए-५४९ च्या फटीवर घालावं. शेजारी तरुण पेशींचं माध्यम. मग म्हाताऱ्या पेशींत रेला हे जनुक गप्प करून पुन्हा तेच. रेला म्हणजे एनएफ-कप्पा-बीचा एक भाग, या रसाचा मुख्य नळ. तो बंद झाला की निळा रंग तसाच राहून रसाचा जोर कमी पडायला हवा. नुसता निळा रंग मोजून ‘जनुक गप्प केलं, कर्करोग थांबला’ लिहिणाऱ्या प्रकल्पात ही प्लेट नसते.

डब्यावर ‘केवळ संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा. घरात रुग्ण असलेले लोक विभागात येऊन विचारतात. एसआय-आरएनएची औषधं निघाली आहेत. पॅटिसिरान २०१८ मध्ये पहिलं. पण मंजूर झालेली औषधं यकृतातल्या जनुकांवर चालतात, कारण शिरेतून किंवा कातडीखाली दिलेला तुकडा तिथेच सहज पोचतो. कर्करोगाच्या गाठीत पोचवणं हे न सुटलेलं कोडं आहे, आणि कर्करोगासाठी असं एकही औषध मंजूर नाही. त्यांना सेवाग्राम किंवा नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाचा रस्ता दाखवावा.

राहिली खरेदीची वेळ. अनुदान ३१ मार्चच्या आत खर्च करायचं, म्हणून ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्ये जाते आणि माल एप्रिल-मेमध्ये, वर्षातल्या सगळ्यात वाईट उन्हात येतो. ऑर्डर मार्चमध्येच द्यावी लागणार असेल तर पत्रात दोन ओळी घालाव्यात: थंड माल सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवावा, आणि पाठवण्याआधी फोन करावा. शनिवारी निघालेला डबा रविवारभर कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात पडून राहतो. कोरडी कुपी, इन्सर्ट, एक्स-गॅल आणि क्षार मार्चमध्ये आले तरी चालतात. लिपिड आणि सीरम हप्त्याहप्त्याने पाठवायची अट पुरवठादार बहुधा मान्य करतो, विचारलं तर. मॅट्रिजेल दिवाळीनंतर.